भुशावरची झोप

सरकारला एखाद्याची दया आली की आधी परिपत्रक निघतं. २००७ च्या जानेवारीत यवतमाळला असंच एक निघालं. गेली दोन वर्षं जे कर्मचारी कापसाच्या गावांत जाऊन शेतकऱ्यांच्या मृत्यूंच्या चौकश्या करत होते, त्यांच्या मनावर ताण आल्याचं शासनाच्या निदर्शनास आलं होतं. सबब त्यांना दोन दिवस ताणमुक्ती शिबिरास जंगलात पाठवावं, शुक्रवारी संध्याकाळी न्यावं, रविवारी परत आणावं. जो येणार नाही त्याने लेखी कारण द्यावं. थोडक्यात, ताण घालवणं सक्तीचं होतं.

चंद्रशेखरचं नाव यादीत पहिलं होतं. अव्वल कारकून, निवृत्तीला चौदा महिने राहिलेले, अक्षर मोत्यासारखं. पंचनामा लिहावा तर त्यानेच, असं सगळे म्हणत, आणि असं म्हणून सगळे पंचनामे त्याच्याच गळ्यात घालत. दोन वर्षांत एकशे सदतीस घरांतल्या खाटांवर बसून त्याने तेवीस रकान्यांचा तो नमुना भरला होता. जमीन कुणाच्या नावे, मृत्यू कशाने, आणि शेवटच्या रकान्यात मदतीस पात्र की अपात्र. घरची बाई चहा आणून द्यायची. तो प्यायचा, कारण नाही म्हटलं तर तिला आणखी वाईट वाटलं असतं.

आपल्याला याचं काही वाटत नाही, असं दीड वर्ष त्याला वाटत होतं. मग पोळा झाला आणि त्याची झोप गेली. डोळे मिटले की रकाने दिसत. डॉक्टरच्या गोळ्यांनी तोंड कडू व्हायचं, झोप यायची नाही. बायको रोज काशाच्या वाटीने तळपायांना तूप चोळायची. चोळता चोळता तीच पेंगायची आणि हा टक्क जागा. पाच महिने असे गेल्यावर माणूस चिडतही नाही, नुसता ओढत राहतो. परिपत्रक वाचून त्याला आनंद झाला नाही, वाईटही वाटलं नाही. पिशवी भरून तो जीपमध्ये जाऊन बसला.

झरी जामणीच्याही पुढे, जिथे डांबर संपतं आणि पैनगंगेपलीकडे आंध्रची झाडं दिसतात, तिथे ती जागा. पन्नास वर्षं इथे सागाचे ओंडके चिरले गेले. आरागिरणी बंद पडून आता दहा वर्षं झाली होती. पत्र्याची लांबच लांब शेड, आत गंजलेला आरा, आणि शेडपासून नदीपर्यंत मऊ, सपाट पटांगण. त्यावर बोटभर मुरूम पसरून जंगल खात्याने चौदा तंबू ठोकले होते आणि फाटकावर निसर्ग पर्यटन केंद्राची हिरवी पाटी लावली होती.

फाटकात एक म्हातारा बिस्किटांचा रिकामा डबा घेऊन उभा होता. अंगात खाकी स्वेटर, पाय अनवाणी. गिरणीच्या काळात तो आऱ्यावर मिस्त्री होता, आता तिथलाच चौकीदार आणि स्वयंपाकी. नाव बशीर.

"काडीपेट्या, लायटर, बिड्या, समदं या डब्यात टाका," तो म्हणाला. "जाताना वापस भेटन."

शिबिराचे प्रमुख नायब तहसीलदार भगवानराव हसले. "काहून बावा? हे काय इमानतळ हाय काय?"

"साहेब, तुमी जमिनीवर उभे नाई. भुशावर उभे हा." बशीरने टाच आपटून दाखवली, आवाज आला नाही. "पन्नास वर्ष जेवढं लाकूड चिरलं त्याचा भुसा इथीच टाकला. खाली पुरुषभर हाय, कोरडा ठक्क. मुरूम वरतं नावाले. गिरणी चालू होती तवा साठ माणूस या फाटकातून आत जाये, अन् मालक बी आपली बिडी याच डब्यात टाकून जाये. म्हून पन्नास वर्षात एक डाव बी इस्तो लागला नाई."

कुरकुरत का होईना, सगळ्यांनी टाकलं. चंद्रशेखर बिडी ओढत नसे, पण लाखेचं सील लावायला काडीपेटी कायम पिशवीत असायची. रबर गुंडाळलेली ती पेटी त्यानेही डब्यात टाकली. नियम म्हटला की त्याला बरं वाटायचं.

चूल होती नाल्यापलीकडे, उघड्या खडकावर. साहेबलोकांची शेकोटीही तिथेच पेटवावी लागली, आणि जेवायला दोनशे पावलं चालत जावं लागतं म्हणून सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. चंद्रशेखर लवकर जाऊन चुलीपाशी बसला. गप्पांचा त्याला कंटाळा होता, आणि बशीर भाकरी थापताना बोलत नव्हता.

तिसरी भाकरी तव्यावर टाकून बशीर म्हणाला, "तुमाले झोप नाई ना साहेब?"

"कायवरून?"

"बावीस वर्ष रातपाळी केली आऱ्यावर. झोप नसलेला माणूस मले दुरून दिसते. असा माणूस मी पट्ट्याजवळ येऊ देत नोतो. बोटं जाते." त्याने भाकरी उलटली. "किती दिस झाले?"

"पाच महिने."

"या अल्ला," बशीर म्हणाला, आणि त्याने पहिली भाकरी, सगळ्यांच्या आधी, चंद्रशेखरच्या ताटात टाकली.

मग त्याने आपलंही सांगितलं. हे इथलं पहिलंच शिबिर होतं. साहेबांनी चांगला शेरा लिहिला तर केंद्र चालू राहील आणि बशीर कायमचा राहील, नाही तर मार्चमध्ये फाटकाला कुलूप. मुलगा हैदराबादला बोलावत होता, पण बशीरला जायचं नव्हतं. नाल्याच्या काठावर एक जुनं मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली दगड रचलेले होते. ती अकीलाची, त्याच्या बायकोची कबर.

"सतरा वर्षाचा होतो तवा आलो इथी. तिले बी इथीच ठेवली. आता मी थ्या लिफ्टच्या बिल्डिंगीत जाऊन काय करू? तुमी लेहतेसा ना चांगलं, साहेब? तुमचं अक्षर लय चांगलं हाय म्हणे."

"लिहीन ना," चंद्रशेखर म्हणाला. निदान हे एक लिहिणं त्याला जड वाटलं नाही.

जेवून तो तंबूकडे आला तर डासांचं मोहोळ. शेजारच्या तंबूतली सुमेधा त्याच्याच टेबलाची कारकून. चौकशीला दोघं बरोबर जात, हा लिहायचा आणि ती घरातल्या बायांजवळ बसायची. या दोन वर्षांत तिचेही केस पांढरे व्हायला लागले होते, तिशीच्या आत. तिने त्याला एक मच्छर अगरबत्ती आणि पत्र्याचं चिमुकलं स्टँड आणून दिलं. "घ्या भाऊ, मी तं पांघरूण घेऊन झोपतो. मले तं झोप येते बावा, तोच प्रॉब्लेम हाय. स्वप्नं पडतेत."

अगरबत्ती पेटवायची कशी? चंद्रशेखरने कारकुनासारखा विचार केला. डब्यात टाकायच्या वस्तू तीन: काडीपेटी, लायटर, बिडी. मच्छर अगरबत्तीचा त्यात उल्लेख नव्हता. तंबूबाहेर खांबावर बशीरनेच टांगलेला कंदील होता, म्हणजे कंदिलाला मंजुरी होती. त्याने काच वर केली, ज्योतीवर अगरबत्तीचं टोक धरलं, फुंकलं. स्टँड मुरमावर डगमगत होतं, म्हणून तंबूच्या मागच्या अंगाला पायाने मुरूम बाजूला सारून त्याने ते खालच्या मऊ भुशात रोवलं. नियम कुठेच मोडला नव्हता. रात्रभर तो जागाच होता, पण निदान डास चावले नाहीत.

शनिवारी कार्यक्रम झाला. नागपूरहून आलेल्या व्याख्यात्याने सत्तावीस कारकुनांना गोलात उभं करून हसायला सांगितलं. वरिष्ठांचा हुकूम समजून सगळे हसले. मग प्रत्येकाला एक फुगा दिला आणि आपलं दुःख त्यात फुंकून भरा म्हणाला. सुमेधाने फुगा हातात धरला आणि फुंकलाच नाही. चंद्रशेखरने फुंकला, पण दम पुरला नाही, फुगा मुठीएवढाच झाला. जेवण करून दुपारी दोनला तो तंबूत आडवा झाला, झोपायला नव्हे, पाठ टेकायला.

जमीन गरम होती. बाळंतिणीच्या बाजेखाली निखारे ठेवल्यावर अंथरुणाला येते तशी ऊब सतरंजीतून वर येत होती, मंद आणि सारखी. उन्हाने तापली असेल, त्याने मनाशी म्हटलं. ऊब कमरेत शिरली, खांद्यांत शिरली, आणि रकाने एक एक करून पुसट होत गेले. तो झोपला.

सुमेधाने हाक मारली तेव्हा कंदील लागले होते. आपण कुठल्या गावात आलोय हे त्याला क्षणभर कळेना. तोंडावर सतरंजीचे वळ उठले होते. चुलीपाशी बशीरने त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि स्वतःलाच काही मिळाल्यासारखा हसला.

"लागली वाटते!"

"लागली चाचा." त्याच्या तोंडून चाचा कधी निघालं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

त्या रात्री तो सगळ्यांच्या आधी तंबूत शिरला. ऊब दुपारपेक्षा वाढली होती. आणि इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण पुढे त्याने ती स्वतः लेखी सांगितली: त्याला वास आला होता. गोडसर, जळक्या साखरेसारखा, तंबूच्या मागच्या अंगाने. सूर्य बुडून दोन तास झाले होते, उन्हाची ऊब एव्हाना कधीच विरली असती. उठावं, बशीरला हाक मारावी, असं त्याच्या मनात आलं. पण उठला असता तर झोप गेली असती, आणि पाच महिन्यांनी आलेली झोप पुन्हा किती महिन्यांनी आली असती कोण जाणे. त्याने कूस बदलली.

बशीरची एक जुनी सवय होती. गिरणीच्या दिवसांपासून तो रोज उजाडताना अनवाणी सगळं पटांगण तुडवायचा. भुशाचं पोट तळपायालाच कळतं, डोळ्याला नाही, असं तो म्हणायचा. शनिवारी सकाळी चहाच्या घाईत तेवढी फेरी राहिली होती. रविवारी तो निघाला आणि चंद्रशेखरच्या तंबूमागे त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत आत गेला. आत लाल होतं.

"उठा! समदे उठा! भुसा पेटला!"

चंद्रशेखरला त्याने पाय धरूनच बाहेर ओढला. मागोमाग तंबूची मागची बाजू खाली बसली, आणि जिथे तो झोपला होता तिथे खळगा पडून धूर निघाला. पुढचे दोन तास ताणमुक्त व्हायला आलेली सगळी कचेरी नदीपासून रांग लावून बादल्या देत उभी होती. पाणी वरून वाहून जाई, आतलं जळतच राही. शेवटी बशीर म्हणाला, पाणी पुरे, चर खणा. मग पेटलेल्या जागेभोवती खालचा दगड लागेपर्यंत त्याने चर खणून घेतला. भाजलेल्या पायाला ओलं फडकं गुंडाळून लंगडत तो प्रत्येकाला कुठे खणायचं ते दाखवत होता. व्याख्यात्याने तेवढ्यात नागपूरची गाडी पकडली.

तीन तंबू गेले. बशीरचा पाय सोडला तर माणसं सगळी धड होती. आग चराच्या आत कोंडली, पण विझली नाही. चराच्या आतला जळका भुसा ओढताना चंद्रशेखरच्या फावड्याला काहीतरी लागलं. वाकडं झालेलं, काळं पडलेलं पत्र्याचं स्टँड. त्याने इकडे तिकडे पाहिलं आणि ते खिशात घातलं.

दुपारी चारला जंगलाचे अधिकारी येणार होते. भगवानरावांची गाळण उडाली होती. "ते यायच्या आत आपला पंचनामा तयार पाहिजे. चंद्रशेखर, बसा. कारण काय टाकता?"

बशीर शेडच्या पायरीवर पाय बादलीत घालून बसला होता. सुमेधा त्याच्या पायावर पाणी ओतत होती. तो मान वर न करताच म्हणाला, "कंदीलच गळला असन साहेब. दुसरं काय हाय इथी? घासतेल मीच भरलं, टांगला बी मीच. मले थो तिथी टांगायलेच नोता पाहिजे. लेहा, माही चूक."

"झालं तं मंग!" भगवानरावांचा जीव भांड्यात पडला. "माणूस सोताच कबूल करून राह्यला. लिहा, चौकीदाराचा निष्काळजीपणा. तुमाले काय नवीन हाय?"

नवीन काहीच नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची म्हटलं तरी फाशीचा कागद कुणीतरी सुवाच्य अक्षरात लिहावाच लागतो. चंद्रशेखरने मांडीवर फाईल घेतली. तारीख, वेळ, जागा, चतुःसीमा. हात आपोआप चालत होता. सदर चौकीदार शेख बशीर याच्या, इथपर्यंत तो लिहून गेला. मांडी दुमडल्यामुळे खिशातलं स्टँड मांसात रुतत होतं.

समोर बशीर मोहाच्या झाडाकडे पाहत बसला होता. रडत नव्हता, काही मागत नव्हता. चूक झाली, आता जावं लागेल, एवढंच त्याच्या तोंडावर होतं. असं तोंड चंद्रशेखरने एकशे सदतीस वेळा पाहिलं होतं. दरवेळी खाली मान घालून रकाना भरला होता, आणि दरवेळी स्वतःला सांगितलं होतं की मी फक्त लिहितो. त्याला एकाएकी स्वतःची लाज वाटली.

त्याने ती ओळ खोडली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या पंचनाम्यात खाडाखोड झाली. खाली त्याने लिहिलं की शुक्रवारी जेवणानंतर कंदिलाच्या ज्योतीवर मच्छर अगरबत्ती पेटवून ती चंद्रशेखर, अव्वल कारकून, याने भुशात रोवली. शनिवारी रात्री त्यास वास आला, तरी झोपेच्या लोभाने त्याने कुणास कळविले नाही. चौकीदाराने पहिल्याच दिवशी ताकीद दिली होती. चौकीदाराचा काही दोष नाही. मग सही केली, खिशातून स्टँड काढून कागदावर ठेवलं आणि म्हणाला, "हा मुद्देमाल."

भगवानरावांनी वाचलं आणि कागद परत त्याच्यापुढे धरला. "येड लागलं काय हो तुमाले? चौदा महिने राह्यले रिटायरमेंटले! हा माणूस म्हणून राह्यला ना का माही चूक हाय! फाडा थे."

"फाडा तुमी," चंद्रशेखर म्हणाला. "मी परत हेच लिहीन. थकलो मी साहेब. आता दुसरं काही लिहायची ताकद नाही राहिली."

"अन् पंच म्हणून मी सही करतो," सुमेधा म्हणाली. "अगरबत्ती माहीच होती." तिने पेन घेऊन सही केलीसुद्धा.

बशीर बादलीतून पाय काढून लंगडत आला. स्टँड उचलून त्याने उलटंपालटं करून पाहिलं. चंद्रशेखरने मान खाली घातली. म्हाताऱ्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण बशीर एवढंच म्हणाला, "जलमभर मी काडीपेटी मांगत राह्यलो. हे मांगायचं माह्या ध्यानातच नाई आलं." आणि स्टँड त्याने जपून पुन्हा कागदावर ठेवलं.

चारला जंगलाचे अधिकारी आले. त्यांनी चराभोवती चक्कर मारली, कागद दोनदा वाचला, आणि चंद्रशेखरकडे, माणूस कामातून गेला असावा, अशा नजरेने पाहिलं. पर्यटन केंद्र आजपासून बंद, म्हणाले. बशीरने डोळे मिटले.

"पण हे आतून धुमसत राहणार," अधिकारी म्हणाले. "पाण्याने विझायचं नाही?"

"नाई साहेब. जूनचा पाऊस पडला का मंगच. तवापर्यंत चर उकरत राहा लागते, नाई तं सरकते."

"मग तुम्हीच थांबा मिस्त्री. विझेपर्यंत. तुमचा दोष असता तर ठेवता आलं नसतं. कागद स्वच्छ आहे, खाडाखोड आहे तरी."

म्हणजे आग होती तोवर बशीरची जागा होती. पुढचं पुढे. चंद्रशेखरला मात्र खुलासा द्यावा लागणार होता, कदाचित निलंबनही. त्याने ते ऐकून घेतलं. त्याला सुटल्यासारखं वगैरे काही वाटलं नाही. खांदे दुखत होते, हाताला फोड आले होते आणि घरी जायचं होतं.

फाटकात बशीर बिस्किटांचा डबा घेऊन उभा राहिला, पायाला फडकं गुंडाळून. एकेक जण आपली काडीपेटी, आपला लायटर उचलून जीपमध्ये बसत होता. चंद्रशेखर सगळ्यांत शेवटी आला. बशीरने रबर गुंडाळलेली पेटी शोधून त्याच्या तळहातावर ठेवली आणि हात सोडला नाही.

"झोप तं चांगली लागली ना, साहेब?"

चंद्रशेखरने मान हलवली, आणि मग तो त्या फाटकात, सगळ्या कचेरीसमोर, रडला. बशीर त्याचा हात धरून तसाच उभा राहिला. जीपमधून भगवानरावांनी हॉर्न वाजवायला सांगितलं.

"घरी नाई लागली तं या वापस," बशीर म्हणाला. "चराच्या अलीकडं अंथरून देतो, मी जागा राहीन. जूनपर्यंत जमीन गरमच हाय."